खिडकीवरचे हंस

त्या जानेवारीत सौदीतल्या खोबर शहराच्या दुकानांतून चिकटपट्टी नाहीशी झाली. तांदूळ होता, साखर होती, पाण्याचे कॅन होते. पण ती रुंद खाकी चिकटपट्टी कुठे मिळेना. विषारी वायू आत येऊ नये म्हणून जो तो घरातली एक खोली बंद करत होता. माझा मुलगा गिरीश शेजारच्याच धाहरानला एका बँकेत संगणकाच्या विभागात होता. त्याने ऑफिसातून चार-पाच वेटोळी आणली, तेव्हा माझ्या सुनेने, हेमलताने, त्याने पाटल्याच आणल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

मी तिथे पाहुणा होतो. सांगलीच्या एका वाचनालयातून निवृत्त झालो आणि गिरीशने बोलावलं म्हणून दोन महिन्यांसाठी आलो. आलो आणि पंधरा दिवसांत कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं. पुढे धाहरानचा विमानतळ लढाऊ विमानांनी भरला आणि माझं परतीचं तिकीट खिशातच राहिलं. जेद्दापर्यंत बसने जाऊन तिथून विमान धरता आलं असतं. पण गिरीशला त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा सौदी मालक, सोडेना, हेमलता गिरीशला सोडेना, आणि जेद्दापर्यंत एकट्याने जाण्याइतका मी कधीच धीट नव्हतो.

बंद करायला गिरीश-हेमलताची झोपायची खोली निवडली, कारण तिला एकच खिडकी होती. काचेवर प्लास्टिक, प्लास्टिकवर चिकटपट्टी, आणि काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून वरून ज्ञानदाच्या शाळेसाठी आणलेले मोठे पांढरे चार्टपेपर, तेही चारी कडांनी चिकटवलेले. दाराच्या फटीला ओला टॉवेल. काम संपल्यावर गिरीश हात झाडून म्हणाला, "आता मुंगीसुद्धा आत यायची नाही."

मुंगी आली नाही, पण ज्ञानदा बाहेर गेली. ती सहा वर्षांची. हल्ल्याच्या पहिल्या भोंग्याला आम्ही सगळे त्या खोलीत शिरलो, गिरीशने दार लावलं, टॉवेल कोंबला, आणि पोरीने किंचाळून जी धूम ठोकली ती टॉवेल लाथाडून, दार उघडून, तीन मजले उतरून थेट रस्त्यावर. आभाळात ठो-ठो चाललेलं. गिरीशने तिला फाटकाशी धरलं तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"का पळालीस?" त्याने विचारलं.

"पप्पा, त्या रूमला आउटसाइडच नाहीये," ती म्हणाली.

दुसऱ्या भोंग्याला तिला धरून ठेवावं लागलं. ती हेमलताच्या मनगटाला चावली. तिसऱ्याला पुन्हा दार उघडलं गेलं. दार उघडलं की ती खोली आणि जिना यांत काही फरक उरत नव्हता. गिरीश मला हळूच म्हणाला, "बाबा, खरंच वायू आला, तर ही पोरगी आपल्या हातून जाईल." तो असं बोलणारा मुलगा नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी काय करणार? मला पुस्तकांखेरीज काही येत नाही, आणि तीही येतात असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण एक पुस्तक होतं. धाहरानच्या तेल कंपनीच्या वसाहतीतलं एक अमेरिकन कुटुंब ऑगस्टमध्ये घाईने मायदेशी निघालं आणि त्यांनी घरातलं सामान अंगणात मांडून विकलं. गिरीशने तिथून मिक्सर आणला, आणि म्हाताऱ्याला विरंगुळा म्हणून एक भलंमोठं पुस्तक. इजिप्तमधल्या पुरातन थडग्यांच्या भिंतींवर जी चित्रं आहेत, त्यांच्या रंगीत नकलांचं. काही चित्रकारांनी त्या अंधाऱ्या थडग्यांत महिनोन्महिने बसून रेघेला रेघ लावून त्या केलेल्या. राजेराण्या मला फारशा आवडल्या नाहीत, पण जनावरं! गवत टिपणाऱ्या हंसांची ओळ. पुढे पाऊल टाकायचं नाही असं ठरवलेलं गाढव. बोरूच्या बेटात पक्ष्यांवर टपलेलं मांजर. आणि नदी ओलांडणारी गुरं: गुराख्याने वासराला पाठुंगळी घेतलंय आणि ते मान मागे वळवून आईकडे बघतंय. ते पान मी पुष्कळदा उघडत असे.

"बाबा," हेमलता एका सकाळी म्हणाली, "त्या खिडकीवरच्या कागदावर काढा ना ही चित्रं. तिला बाहेर हवंय ना? द्या बाहेर."

"मला कुठे येतंय? एलिमेंटरी ड्रॉइंग पास झालो तेसुद्धा दुसऱ्या खेपेला."

"मग आता तिसरी खेप समजा," ती म्हणाली, आणि तिने ज्ञानदाच्या रंगांची पेटी माझ्यापुढे ठेवली.

शाळा बंदच होती. ज्ञानदा पलंगावर मांडी घालून माझ्या पाठीशी बसली आणि परीक्षक झाली. मी आधी पाणी काढलं, मग बोरू, मग हंस. त्या चित्रकारांचा एक नेम होता, तो मला फार पटला होता: दिसतं तेवढंच काढायचं. भिंतीचा गिलावा जिथे पडला असेल तिथे पडलेला गिलावाच रंगवायचा, आपल्या मनाने भर घालायची नाही. तिसऱ्या हंसाचं डोकं मूळ भिंतीवर उरलेलं नव्हतं. मी तिथे इमानाने करडा डाग दिला.

"आजोबा, याचं डोकं कुठंय?"

"पडलं."

"कधी?"

"झाली असतील तीनेक हजार वर्षं."

"मग उचला ना!"

"तसं करायचं नसतं, बाळ. ज्याने मूळ चित्र काढलं त्याचं डोकं कसं होतं ते आपल्याला काय माहीत?"

"बाकीच्यांची डोकी आहेत ना? तसंच असणार. ही इज देअर ब्रदर."

मी चोरट्यासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि हंसाला डोकं दिलं. मग गाढवाचे पायही द्यावे लागले. एकदा नेम मोडला की मोडला.

डोळे मात्र मी शेवटी ठेवले. त्या चित्रांत डोळा म्हणजे सगळं काही. एक काळी रेघ, ती थरथरली की हंसाचा कावळा होतो. माझा हात तर चहाच्या कपालाही थरथरतो. आज नको, उद्या बघू, असं करत हंस, गाढव, मांजर, गाय, वासरू सगळे खिडकीवर आंधळे उभे राहिले. तरीही चौथ्या भोंग्याला चमत्कार झाला. ज्ञानदा आत आली, पलंगावर बसली, खिडकीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेतले आणि भोंगा संपेपर्यंत हलली नाही. गिरीशने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याला रडू आलेलं असावं.

त्या रात्री आमच्याबरोबर हफीजाबीही होत्या. समोरच्या बिऱ्हाडातल्या. मुलगा इब्राहीम रास तनुराच्या रिफायनरीत कामाला. युद्ध सुरू झाल्यापासून त्याला तिकडेच ठेवून घेत. या मूळच्या रत्नागिरीच्या, मक्केला उमरा करायला आल्या आणि माझ्यासारख्याच अडकल्या. एकट्या घरात कशाला, म्हणून हेमलताने त्यांना भोंगा झाला की आमच्याकडे यायला सांगितलं होतं. त्या मुसल्ला, म्हणजे नमाजेची चटई, काखेत मारून येत आणि इशाची, रात्रीची नमाज त्या खोलीतच पढत. खिडकी पश्चिमेची, म्हणजे नमाजेला तोंड करतात त्या किब्ल्याच्याच अंगाची. चित्रं बघून त्या म्हणाल्या होत्या, "बरी हायत हो भाऊ. नाक-डोळं नाय, म्हणजे नुसता रंगच तो."

मला तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ कळायला हवा होता.

दोन-तीन दिवसांनी मला अवसान चढलं. सकाळी हात जरा स्थिर होता. मी श्वास रोखून पहिल्या हंसाला डोळा दिला. आश्चर्य म्हणजे तो डोळाच झाला. ज्ञानदाने टाळ्या पिटल्या. "आजोबा, ही कॅन सी मी!" त्या भरात मी सगळ्यांना डोळे दिले. वासराचा सर्वांत चांगला झाला. ते खरोखर आईला शोधत होतं. मला माझाच इतका अभिमान वाटला की मी हफीजाबींना मुद्दाम बोलावून आणलं.

त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"हा बघतोय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"हंस. सगळीच बघतायत." त्या हसल्या, पण आत आल्या नाहीत. "भाऊ, फार छान केलंत. पण माझी नमाज आता इथं व्हायची नाय. डोळ्यावाल्या चित्रापुढं सजदा कसा करू? आमच्यात चालत नाय."

मी ब्रश उचलला. "मी पुसतो. आत्ता पुसतो."

"नको!" ज्ञानदा ओरडली. "ते नदीत पडतील! आंधळे झाले तर ते क्रॉस कसे करणार?"

"बघा," हफीजाबी म्हणाल्या. "पोर बसतेय ना त्यांच्यामुळं? मग राहू द्या तशीच. मी आपली माझ्या घरात बसेन."

"अहो पण भोंगा झाला तर? तुमच्याकडे खिडक्यांना काही लावलेलं नाही."

"तर काय? मरणाचीच वेळ आली तर नमाज सोडून बसू होय? तेव्हाच तर जास्त लागते."

हेमलताने चादरीचा उपाय काढला: नमाजेपुरती खिडकीवर चादर टाकायची. टाकून पाहिली. ज्ञानदाचा चेहरा पांढरा पडला. "आउटसाइड गेलं," ती म्हणाली आणि दाराकडे सरकू लागली. चादर काढली. कागद उतरवून दुसऱ्या भिंतीला लावावेत, तर त्यांच्याबरोबर चिकटपट्टी आणि प्लास्टिकही सुटणार होतं, आणि नवी चिकटपट्टी साऱ्या खोबरमध्ये नव्हती. ब्रश पाण्यात बुडवून मी खिडकीपुढे उभा राहिलो. डोळे पुसले तर नात बाहेर, ठेवले तर शेजारीण बाहेर. वाचनालयात असताना एकच पुस्तक दोघांना हवं असलं की मी कपाटामागे जाऊन उभा राहत असे. ते दोघं आपापसात ठरवत. इथे कपाट नव्हतं.

दोन दिवस मी काहीच ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला भोंगा झाला.

गिरीश अजून ऑफिसात होता. हेमलताने ज्ञानदाला आत घेतलं, टॉवेल हातात धरला आणि म्हणाली, "बाबा, चला आत."

मी गेलो नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. धीटपणा नव्हता खास. "तू लाव दार," म्हणालो आणि समोरचं दार वाजवलं.

हफीजाबी मुसल्ला अंथरून बसल्या होत्या. "तुम्ही इथं कशाला? जावा आत!"

"तुम्ही चला."

"मी नाय येत म्हणून सांगितलं ना."

"मग मीही इथेच बसतो," असं म्हणून मी खरोखरच त्यांच्या दाराशी, चपलांच्या शेजारी बसलो. परक्या बाईच्या घरात असा न विचारता मी जन्मात कधी बसलो नव्हतो. मला वाटतं भोंग्यापेक्षा त्याचाच मला जास्त घाम फुटला होता.

"भाऊ, उठा."

"नाही."

"हट्टी आहात हो मेले! बघताना वाटत नाय."

तेवढ्यात मागे पावलं वाजली. मधल्या जागेत ज्ञानदा उभी होती. पण ती जिन्याकडे पळत नव्हती. तिने कमरेवर हात ठेवले होते, आणि तिच्यामागे हेमलता टॉवेल घेऊन धावत येत होती.

"आजोबा! दादी! दार बंद करायचंय!" ती आमच्यावर खेकसली. "गॅस येईल, कळत नाही का?"

लांब कुठेतरी धडाम झालं. खिडक्या थरारल्या. हफीजाबींनी एका हाताने मुसल्ला आणि दुसऱ्याने माझा दंड धरला, आणि मी उठायच्या आत आम्ही चौघंही त्या खोलीत होतो. हेमलताने दार ओढून घेतलं आणि टॉवेल कोंबला.

थोड्या वेळाने अंधार पडला असावा. खिडकीतून कळायला मार्ग नव्हता. हफीजाबी कोपऱ्यात भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं घाबरल्यात. ज्ञानदा त्यांच्यापाशी गेली.

"दादी, नमाज नाही करायची?"

"कशी करू गो बाय? ते बघतायत ना."

ज्ञानदा पलंगावर चढली. तिने डावा तळवा एका हंसाच्या डोळ्यावर ठेवला, उजवा दुसऱ्याच्या. "हे झोपले. आता करा."

"आणि गाढव?"

तिने गाढवाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "ममा, तू गाढव धर. आजोबा, तुम्ही काऊ."

आम्ही खरंच उठलो. मी गाईचा डोळा झाकला, हेमलताने एका हाताने गाढवाचा आणि दुसऱ्याने मांजराचा. तरी तीन हंस आणि वासरू टक्क बघतच होते. हफीजाबींनी एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघं खिडकीला पालींसारखी चिकटलेलो. त्यांचे खांदे हलायला लागले. मग हेमलताही फिसकन हसली, आणि हसता हसता तिने गाढव सोडून कपाळाला हात लावला.

"थांबा हं," ती म्हणाली.

तिने कपाळावरची टिकली काढली आणि वासराच्या डोळ्यावर लावली. मोठी, मरून रंगाची, मखमली टिकली. डोळा बरोब्बर तिच्याखाली गेला. वासरू झोपलं.

ड्रेसिंग टेबल खोलीतच होतं. हेमलता दरवर्षी माहेराहून वर्षभराच्या टिकल्या आणते. खण पाकिटांनी भरलेला असतो. ज्ञानदाने आईच्या हातातून पाकीट हिसकावलंच. हंसांना मरून, मांजराला हिरवी, गाढवाला लाल. गाईची आपण होऊन माझ्याकडे आली: "आजोबा, तुम्ही लावा, तुमची काऊ." पाणी, बोरू, आभाळ सगळं जागच्या जागी राहिलं, फक्त जनावरांनी डोळे मिटले.

"झाले का दादी? सगळे झोपले."

हफीजाबी उठून जवळ आल्या, एकेकाला नीट निरखलं. "झोपले," त्या म्हणाल्या, आणि मुसल्ला अंथरला.

त्यांची नमाज होईपर्यंत ज्ञानदा ओठांवर बोट ठेवून पलंगावर बसून होती. तिने दाराकडे एकदाही पाहिलं नाही. पाहायला वेळच नव्हता. कुणी मध्येच जागा होत नाही ना, यावर तिचं लक्ष होतं.

भोंगा संपल्यावर एक नवीच भानगड निघाली. ज्ञानदाने पहिल्या हंसाची टिकली ओढली, तर टिकलीबरोबर डोळाही निघून आला. कागदावर पांढरा ठिपका आणि टिकलीच्या पाठीवर माझा डोळा.

"आजोबा," ती म्हणाली, "डोळा माझ्याकडे आला."

सगळ्यांचंच तसं झालं. एवढ्या कष्टाने जमलेल्या डोळ्यांची एकाच संध्याकाळी वाट लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन बसलो, आणि सगळे डोळे नव्याने काढले. संध्याकाळी भोंगा झाला, टिकल्या लागल्या, निघाल्या, डोळे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुढे पुढे तर मी श्वास रोखायचंही विसरलो. चहा पिता पिता हंसाचा डोळा काढू लागलो. एखादा बिघडायचा, बिघडला तरी रात्रीपर्यंतच जगायचा होता.

भोंगा झाला की आता ज्ञानदा सर्वांच्या आधी खोलीत असे आणि बाकीच्यांना हाका मारी. "दादी, लवकर! यल्ला! मला यांना झोपवायचंय!" एकदा गिरीश बाथरूममध्ये अडकला तर तिने बाहेरून दार धडाधड वाजवून त्याला अर्ध्या दाढीनिशी आत आणलं. तो टॉवेल कोंबता कोंबता मला म्हणाला, "बाबा, ही आता मला मरू द्यायची नाही."

इब्राहीम रास तनुराहून एका दिवसाच्या सुट्टीवर आला तेव्हा सरळ आमच्याकडेच आला. चित्रांसमोर उभा राहून त्याने एकेक जनावर निरखलं. मला धाकधूक.

"अम्मी," तो शेवटी म्हणाला, "ह्या गाढवाला टिकली कुणी लावली?"

"तुला काय करायचंय? तू चहा पी," हफीजाबी म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या मध्याला एका सकाळी मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी रंग कालवत होतो. हफीजाबी हेमलताकडे मिरच्या मागायला आल्या आणि जाता जाता दाराशी रेंगाळल्या. त्या आत येत नव्हत्या, पण जातही नव्हत्या.

"भाऊ, राग नका मानू."

"बोला ना."

"काल वासराचा डोळा बरा आला होता. आजचा रुसल्यासारखा झालाय."

"तुम्ही चित्रांकडे बघत नाही ना?"

"मी कुठं बघते? वाटेत दिसला." त्यांनी पदर सारखा केला. "आई समोर हाय त्याच्या. रुसेल कशाला तो? जरा वर घ्या रेघ."

मी रेघ जरा वर घेतली. मागे वळून पाहिलं, तर त्या मिरच्या घेऊन निघून गेल्या होत्या, आणि ज्ञानदा पलंगावर बसून संध्याकाळसाठी टिकल्या निवडत होती.